उसनं पाप

पणजीने चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, आजीने वेदीची वस्त्रं शिवली, आई दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. अशा घरातल्या आठ वर्षांच्या भिंगरीला फादरसमोरच्या पहिल्या पापनिवेदनासाठी एकही पाप सापडेना, म्हणून तिने रडून घर डोक्यावर घेतलं.

"फादर मला परत पाठवतील गं आजी! मग रविवारचं माझं पहिलं कम्युनियन बुडेल, पवित्र भाकर मिळणार नाही!"

आजीने दार लोटून घेतलं.

"हे माझं घे. लहानपणी डबाभर साखर मी फस्त केली आणि आळ धाकट्या बहिणीवर घातला. उसनं देतेय हं, गवगवा नको."

दुसऱ्या दिवशी पापनिवेदन आटोपून भिंगरी उड्या मारतच बाहेर आली.

"फादर म्हणाले, जिच्यावर आळ घातला तिची माफी माग!"

आजी तिला धरणार, तोच ती चर्चच्या पायरीवर उभ्या असलेल्या आजीच्या बहिणीपाशी पोहोचलीसुद्धा.

"धाकटी आजी, ती साखर माझ्या आजीने खाल्ली होती! माफ कर!"



धाकट्या आजीने काठी भिंगरीच्या हाती दिली, बाही सावरली आणि साठ वर्षांपूर्वी आईच्या हातचा विनाकारण खाल्लेला धपाटा थोरल्या बहिणीच्या पाठीत पुरता चुकता केला.