घडीचं कपाट, फक्त आज

दुपारची जेवणं झाली की आत्या टीव्हीवरच्या दुकानाशी भांडायला बसते. मी तिच्या शेजारी बसतो, कारण मला भांडणं आवडतात आणि नोकरी नाही.

त्या दिवशी घडीचं कपाट विकायला होतं. "मूळ किंमत बारा हजार, आज फक्त दोन हजार," निवेदक म्हणाला.

"बारा हजारांना कुणी घेतलं होतं? आण त्याला समोर," आत्या म्हणाली.

त्यानं आणलं. पडद्यावर आली ती आत्याच होती. तोच चष्मा, मोडक्या दांडीला तीच चिकटपट्टी.

"आपल्याकडे हे कपाट कधी होतं?" मी विचारलं.

"कधीच नव्हतं. ही बाई थापा मारतेय."

"घरात भाच्याचा फार पसारा असायचा," पडद्यावरची आत्या गोड हसून म्हणाली. "आता सगळं आत मावलंय."

आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "फुकट दिलंस तरी नको," ती पडद्याला म्हणाली. "माझा पसारा मला बाहेरच हवाय."

निवेदकानं कपाटाच्या दारावर टकटक केली.

आतून माझा आवाज आला, "आत्या, तू अजिबात बधू नकोस."