काचेच्या आतली वाफ

बंदराकाठच्या त्या जुन्या शहरात एकही चित्रदालन असं नव्हतं, जिथल्या चित्रांना फ्रेमवाल्याने स्वतः काचा बसवल्या नव्हत्या. पण बायकोला तिथे न्यायचं मात्र राहूनच गेलं. “पुढच्या रविवारी नक्की,” म्हणता म्हणता तीस वर्षं सरली, आणि ती गेली.

तिने चित्रं पाहिली ती दुकानातच. नजर अधू, म्हणून अगदी काचेला नाक लावून.

“लांबून बघ की! वाफ धरते काचेवर,” तो खेकसायचा. मग ती ओशाळून घाईघाईने बाहीने काच पुसायची.

आज तो एकटाच ती दालनं बघायला आला. पहिल्याच दालनात, होड्यांच्या चित्रावर वाफेचा गोल डाग दिसला. सवयीने त्याने रुमाल काढून पुसला. डाग जाईना. वाफ काचेच्या आतल्या बाजूला होती.

“बसवताना ओल राहिली असेल,” रखवालदार म्हणाला.

फ्रेमवाल्याच्या हातून अशी चूक जन्मात झाली नव्हती.

शेजारच्या दालनात दुसरं चित्र, डाग तोच. उंचीही तीच, बरोबर त्याच्या खांद्याएवढी. तिसऱ्या दालनात तो जवळ जाऊन उभा राहिला. डाग विरत होता, पुन्हा धरत होता. संथपणे, श्वासासारखा.

हवं तितकं जवळून बघ, एवढंच त्याला सांगायचं होतं.

“अगं...” तो म्हणाला.

वाफ जागच्या जागी थबकली, आणि आतून कुणीतरी घाईघाईने काच पुसली.