झुडपाचा सत्कार

मलिहाच्या आईच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू कित्येक वर्षं गुपचूप झोपून होते. ते जागे झाले आणि आई गेली. म्हणून मलिहानं संशोधनाला तोच विषय घेतला. झोपलेल्या जंतूंना झोपेतच मारणारं औषध तिला शोधायचं होतं.

साखरखेर्ड्याजवळच्या तिच्या गावात नाल्याकाठी एक काटेरी झुडूप वाढायचं. त्याच्या मुळांचा अर्क प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत लागू पडला. तिनं धाड गावाकडच्या डोंगरातून तेच झुडूप आणून पाहिलं, पण त्याच्यात तो गुण उतरलेला नव्हता.

पुढच्या चाचण्यांसाठी पोतंभर मुळं हवी होती. ती न्यायला मलिहा गावी आली, तर वेशीवर तिच्या फोटोचा फ्लेक्स आणि बँड हजर! वाजतगाजत तिला एका सपाट मैदानावरच्या मांडवात नेलं. सरपंच किसनरावांनी शाल-नारळ देऊन भाषण ठोकलं, "आपल्या गावच्या झुडपानं जगातला टीबी पळवला!"

टाळ्या थांबेपर्यंत मलिहानं कसाबसा दम धरला.

"काका, आता मले नाल्याकाठी जाऊ द्या. मुळं खोदायची हायेत."

"कुठं जायाचं पोरी? नाल्याकाठीच तर उभी हायेस तू!" किसनराव कौतुकानं हसले.

 

"तुह्या सत्काराचा मांडव टाकाले जागाच नोती. मंग जेसीबी लावला अन् सारं झाडझुडूप मुळासकट साफ केलं!"