बहिऱ्याचा संसार

“आज वार कोणता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“हो हो, छान आहे,” म्हातारा टाकीवाला म्हणाला आणि हसला.

“आपण आत्ता कुठे आहोत?”

“दोन वेळा. जेवणानंतर.”

मुलानं मान खाली घातली. बाबांच्या डोक्यात बिघाड आहे, असं बाईंनी एकदा म्हटलं की तो वर्कशॉपला कुलूप घालणार होता. जन्मभर पत्र्याच्या टाक्या ठोकलेल्या माणसाला मग खुर्ची, खिडकी आणि जेवायची वाट, एवढंच उरणार होतं.

“अहो, कुठे आलोय विचारतायत!” शेजारून आई ओरडली. मग पुन्हा ओरडली. मग तिसऱ्यांदा. घरात प्रत्येक गोष्ट ती अशीच बोलायची. एकदा नवऱ्याच्या उजव्या कानाला, एकदा डाव्याला, एकदा भिंतीला. नातेवाईक टिंगल करायचे. बहिऱ्याचा संसार, दुसरं काय!

“यांचे कान कधी तपासलेत?” बाईंनी विचारलं.

कुणीच तपासले नव्हते.

“रक्तदाब सांभाळता, साखर सांभाळता. कान बंद झाले की माणूस बोलायचा थांबतो, आणि मग डोकंही गंजायला लागतं.”

बाईंनी कानात मशीन बसवलं. परीक्षा पहिल्यापासून. टाकीवाल्यानं वार सांगितला, महिना सांगितला, शंभरातून सात-सात वजा करत बाईंच्याही पुढे निघून गेला. “आता मी विचारू का तुम्हाला?” म्हणाला. मुलगा ओशाळला. वर्कशॉप वाचलं.

घरी आल्यावर आईनं पाणी आणून दिलं. “टोचत नाही ना हो ते कानात?”

“छे! किती वर्षांनी तुझा आवाज ऐकतोय. गोड आहे की गं अजून.”

ती लाजली. त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली. “टोचत नाही ना हो ते कानात?”

“नाही गं.”

तिनं रिकामा पेला उचलला, दारापर्यंत गेली आणि वळली. “टोचत नाही ना हो ते कानात?”

टाकीवाल्याचं हसू ओठांवरच थिजलं. मुलाला मात्र हसू आवरेना.

“आई, आता ऐकू येतंय त्यांना! एकदा विचारलंस तरी पुरे!”

ती गोंधळून दोघांकडे पाहत राहिली.

“अरे, एकदाच तर विचारलं.”