चाळीस दिवसांचा तक्ता

रत्नागिरीजवळच्या समुद्रात चाळीस दिवस दुर्बीण लावूनही मंदाकिनीला एकही डॉल्फिन दिसला नव्हता. धुळ्याजवळच्या सोनगीर गावी, वडिलांच्या घरी बसून ती पाहणीचा तक्ता भरत होती. सगळीकडे शून्य दिसले, तर पाहणी बंद होणार आणि तिची नोकरीही जाणार. शेवटच्या रकान्यात तिने पेन्सिलीने तीन लिहिले. “खरंच तीन देखात का?” वडिलांनी विचारले. ते सरकारी कारकून, पावसाच्या नोंदी ठेवणारे. “नही, आबा.” “मागला दुस्कायमा मी बी पंचेचाळीस दिन शून्यच लिखं. सायेब बोलना, थोडा पाऊस दखाड.” “मंग?” “मी दखाडा नही. दुस्काय जाहीर व्हयना, आख्खा तालुकाले रोजगार हमीनं काम भेटनं.” “आन सायेब?” “त्यानी मन्ही बदली करी टाकी. धुळं सुटनं, सोनगीर भेटनं. हवा चांगली शे.” मंदाकिनीने तीन पुसले, शाईने शून्य लिहिले आणि दुपारच्याच टपालाने तक्ता पाठवून दिला.