आप्पांची हद्द

“ही गल्ली बाहेर काढा,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

नकाशेवाल्या बाईंनी माउस सरकवला. लाल रेघ गल्लीला वळसा घालून गेली. गल्लीतली सगळी घरं शेजारच्या वॉर्डात जाऊन पडली. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

आप्पा जुने नगरसेवक. वॉर्डांच्या हद्दी नव्यानं ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच, त्यामुळे निःपक्षपातीपणाची काळजी नव्हती. कुठल्या दारात आपल्याला चहा मिळतो आणि कुठल्या दाराला आपल्याला पाहून कडी लागते, हे त्यांना तोंडपाठ होतं. टपाल कचेरीमागचा रस्ता त्यांनी खणून ठेवला होता, तो तसाच राहिला. त्या खड्ड्यात एका म्हाताऱ्यानं पाय मोडून घेतला होता. बाहेर. बेकरीजवळच्या इमारतींना नळाचं पाणी देतो म्हणून त्यांनी दोन निवडणुका मारून नेल्या होत्या. त्या इमारतीही बाहेर. रेघ अशी काही वळवळत गेली की वॉर्ड कमी आणि पोटातलं आतडं जास्त दिसायला लागलं.

“आप्पा, माणसं कमी पडताहेत,” बाई म्हणाल्या. “सगळ्या वॉर्डांत लोकसंख्या सारखी लागते. जेवढी काढली तेवढी कुठून तरी घ्यावी लागतील.”

“कुठली शिल्लक आहेत?”

“कालव्यापलीकडची. सकाळी तात्या येऊन गेले ना, त्यांनी काढलेली.”

तात्या म्हणजे शेजारच्या वॉर्डाचे नगरसेवक. पक्ष विरोधी, पण समितीत तेही होते. सभागृहात दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जात. आप्पांनी डोकं खाजवलं.

“ती माणसं मला ओळखतात?”

“नसावीत.”

“मग घ्या की! विचारताय काय?”

शेवटी एक गल्ली राहिली. तिथं आप्पांचा जन्म झाला होता, आणि त्यांची थोरली बहीण, आक्का, अजून तिथंच राहत होती. पहिल्या निवडणुकीत आक्कांनी चपला झिजवून घरोघर धाकट्या भावाची पत्रकं वाटली होती. निवडून आलो की पहिलं गटार बांधतो, असा शब्द आप्पांनी तेव्हा दिला होता. गटार अजून उघडं होतं. बाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“हीपण,” ते म्हणाले.

नागरिकांच्या हरकती ऐकायच्या दिवशी आक्का आल्या आणि सगळ्यांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा समोर उंच खुर्चीत आप्पाच बसले होते.

“बोला,” आप्पा म्हणाले. चारचौघांत ते सख्ख्या बहिणीलाही अहो-जाहो करत.

“बोलते की. गटाराचं पाणी उंबऱ्याला लागलंय. आजवर तुझा कान धरून विचारत होते. आता कुणाला विचारू?”

“आक्का, ती गल्ली आता माझ्या हद्दीत येत नाही.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आक्का हसल्या नाहीत.

“तुझी बाजू घेऊन भांडणारी त्या गल्लीत मी एकटीच उरले होते रे,” त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि मागे न बघता चालत्या झाल्या.

आप्पांनी पाण्याचा घोट घेतला आणि हरकत फेटाळली.

निवडणूक झाली. आप्पांना आजवर कधी मिळाली नव्हती एवढी मतं मिळाली. तिकडे तात्याही दणक्यात आले. नेमकं हरलं कोण, ते कुणालाच सांगता येईना. वर्तमानपत्रांनी छापलं, ‘जनतेचा कामाला कौल.’

गुलालबिलाल आटोपल्यावर आप्पा मतदारांचे आभार मानायला कालव्यापलीकडे गेले. माणसं नवी, चेहरे नवे. कुणाच्या नजरेत जुनं काही नाही. कितीतरी वर्षांनी त्यांना रस्त्यानं ताठ मानेनं चालता आलं. एका घराच्या पायरीवरून एक पोक्त बाई लगबगीनं पुढे आल्या.

“तुम्हीच ना आमचे नवे? बरं झालं आलात! त्या तात्यांनी नुसतं झुलवलं हो आम्हाला. मागच्या रस्त्यावर दिवा नाही. आमची सून अंधारात पडली, हात गळ्यात बांधून बसलीय. आम्ही सगळ्यांनी ठरवलंच होतं, मत द्यायचं ते नव्या माणसाला.”

आप्पा हसत ऐकत होते. बाई दिव्यावरून पुलावर आल्या, पुलावरून दवाखान्यावर. शेजारपाजारची माणसं जमली. जो तो आपलं गाऱ्हाणं घेऊन आला होता. आप्पांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे हलू लागले. कोपऱ्यावरच्या घरावरून कुंपणाकडे, कुंपणावरून कालव्याच्या काठाकडे. तिथून रेघ आरामात वळली असती.

“घर नंबर काय म्हणालात?” त्यांनी मायेनं विचारलं.

बाईंनी नंबर सांगितला. त्यांचा चेहरा उजळला. दारातून आत डोकं घालून त्या ओरडल्या, “अहो, ऐकलंत का? साहेबांनी स्वतः आपला घर नंबर विचारला!”

“विचारू दे,” आतून नवऱ्याचा आवाज आला. “तात्यांनीही शेवटी तेवढंच विचारलं होतं.”