पाचवी पेनल्टी

बीरानकुट्टीने पुन्हा मान हलवली, नाही म्हणूनच. जाणूनबुजून गोल सोडणं त्याच्या लेखी हराम होतं.

गावच्या फुटबॉल समितीचा चिटणीस सैदलवी तासभर त्याच्या ओट्यावर ठाण मांडून बसला होता. मामला साधा होता. गावातल्याच एकाची किडनी बदलायची होती आणि पाच लाख कमी पडत होते. म्हणून मदतीचा सामना ठेवून सिनेमातल्या दिलशानला बोलावलं होतं. मध्यंतरात तो पाच पेनल्टी मारणार, आणि दर गोलमागे गावचा सराफ एक लाख देणार. आता गोलात उभा कोण, तर बीरानकुट्टी! वय बावन्न, गावातल्या पोरांचा इक्का, म्हणजे थोरला भाऊ, पण त्याच्याकडून चेंडू सुटला की लोक अजून तारीख लक्षात ठेवत.

"माणूस कोण, ते तरी सांग."

"नाव सांगायचं नाही, रीत तुला माहीत आहे. उद्या बाजारातून त्याला मान वर करून चालता आलं पाहिजे."

रीत खरीच होती. आमच्या मलप्पुरमकडे अशा सामन्यांवर कितीतरी जीव वाचलेत. पण तिकीट कुणासाठी काढलं, हे कुणी विचारत नाही.

"तुमचं नाव मोठं की त्याचा जीव?" आतून बायको पात्तू म्हणाली. बीरानकुट्टीने उठून खुंटीवरचे हातमोजे काढले.

रविवारी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दिलशान आला तो तासभर उशिरा. मूळचा इथलाच, पण वीस वर्षांत इकडे फिरकला नव्हता. मागचे तीन सिनेमे आपटलेले, त्यातला एक तर घरचा पैसा ओतून काढलेला. तरी थाट कायम. एवढ्या उन्हात मनगटापर्यंत बाह्या. बायकांनी खपून केलेलं लिंबाचं सरबत त्याने नुसतं हातात धरलं आणि ठेवून दिलं. चहाही नको म्हणाला. आमचं पाणी चालत नाही वाटतं साहेबांना, असं कुणीतरी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललं. बीरानकुट्टीला तिडीक आली. सराफाच्या खिशातून दानशूर व्हायचं, आणि वर हा तोरा!

तरी त्याने दात-ओठ खाऊन चार चेंडू सोडले. चेंडू उजवीकडे आला की हा डावीकडे झेपावायचा. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग हसायला लागले. तिसऱ्या गोलाला तर त्याचे कान तापले.

पाचव्या वेळी दिलशान धापा टाकत मागे सरकला, कमरेवर हात ठेवून जरा थांबला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारलं, बीरानकुट्टी, बसायला खुर्ची देऊ का?

चेंडू आला. बीरानकुट्टीचं अंग त्याला न विचारताच हवेत गेलं. चेंडू बोटांना लागून खांबाबाहेर.

मैदानात जी शिव्यांची लाखोली सुरू झाली, ती पार घरापर्यंत त्याच्या मागे आली. सैदलवीने डोकं धरलं. दिलशान मात्र हसला, हात हलवला आणि गाडीत बसून निघून गेला. त्याच्या बापाचं काय जातंय, लोक म्हणाले.

दोन दिवस बीरानकुट्टीला घास गोड लागला नाही. एका माणसाच्या जिवाचा लाख त्याने स्वतःच्या हाताने बाहेर ढकलला होता. तिसऱ्या दिवशी पात्तूने हातातल्या बांगड्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या.

त्या गहाण टाकून तो सैदलवीकडे गेला. पण पैसे त्याच्या हातात देईना. "ज्याचे आहेत त्याच्याच हातात देईन. मला त्याची माफी मागायची आहे."

 त्याला विचारून बघतो, एवढंच सैदलवी म्हणाला.

संध्याकाळी त्याचा निरोप आला. माणूस हो म्हणाला होता. सकाळी दवाखान्यात जायचं, यंत्रावर रक्त शुद्ध करतात त्या खोलीत, खिडकीजवळची खाट.

बीरानकुट्टी चपला दाराशी काढून आत गेला. माफीचे शब्द त्याने रस्ताभर घोकले होते. खाटेवरचा माणूस खिडकीकडे तोंड करून पडला होता, दंडात दोन नळ्या. पावलं ऐकून त्याने मान वळवली.

"या इक्का, बसा," दिलशान म्हणाला. "पाचवी मात्र झकास अडवलीत."